वाकणातले वाल

कडावच्या पलीकडे नदीच्या अंगाला जी सात-आठ गावं आहेत, तिथं एका जातीच्या कडव्या वालाला 'रघ्याचा वाल' म्हणतात. दाणा लहान, अंगानं तांबूस, भिजवला की साल चटकन सुटते आणि बिरड्यात शिजला तरी फुटत नाही. कर्जतच्या बाजारात बायका नाव घेऊन मागतात. रघ्या म्हणजे माझा थोरला भाऊ रघुनाथ. त्या वालाशी त्याचा संबंध एवढाच, की एके सकाळी त्यानं खळ्यावर बसून ते मापानं वाटले. बाकी सगळं मी केलं, आणि माझ्याआधी माझ्या आईनं केलं. माझी साठी उलटून गेली आहे. कुंभिवलीला हायवेलगत माझं स्वतःचं दुकान आहे, मागं गोदाम आहे, आणि माझ्याशी घासाघीस करून कोणी जिंकून गेल्याचं गेल्या सालापर्यंत ऐकिवात नव्हतं. तरी ते नाव कानावर पडलं की मी तापते. तापून बोललं की लोक म्हणतात, म्हातारी चिडकी आहे. म्हणून बसून लिहून काढते. कागदावर मी ओरडत नाही.

आमच्या घरात चार माणसं, दोन बैल आणि एक गाय. बाबा कमी बोलायचे, आणि बोलले की ओरडूनच. माझा राग त्यांचा आहे, हे मी नाकारत नाही. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, दिसायला देखणा, गावात सगळ्यांचा लाडका, आणि खोपोलीच्या एखाद्या कारखान्यात चिकटायची वाट बघत पडवीत बसलेला. आई कोंडाण्याची, डोंगराच्या पायथ्याची. लग्नात तिच्याबरोबर जे काही आलं त्यात वालाच्या बियाण्याचं एक मडकं होतं. वाल राखेत कालवून मडक्यात भरायचे, तोंडाला फडकं बांधून वरून शेणानं लिंपायचं आणि मडकं चुलीच्या मागच्या फळीवर ठेवायचं, म्हणजे धुरानं किडा लागत नाही. दर वर्षी नवं बी भरताना आई जुन्यातले मूठभर दाणे तळाशी ठेवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, "नव्याला घर कळाया नको का गं?"

त्या घरातला हिवाळा मला आवाजानं आठवतो. भिजवलेले वाल फडक्यात बांधून ठेवायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलायला बसायचं. दाणा दोन बोटांत दाबला की सालीतून निसटून पितळीत 'टक्' करून पडतो. आई आणि मी समोरासमोर बसायचो आणि बोलणं संपलं तरी ती टकटक चालू राहायची. मग त्या डाळिंब्यांचं बिरडं, ओलं खोबरं, वर चार कोकमं, आणि तांदळाची गरम भाकरी. दादा तीन भाकऱ्या खाऊन उठायचा आणि म्हणायचा, "आज मीठ थोडं कमी हाय." सोलणाऱ्यांची बोटं सुरकुतून पांढरी व्हायची. आजही मोठमोठ्या हॉटेलांत मला बिरडं वाढतात आणि मी पहिल्यांदा त्यात फुटलेले दाणे मोजते.

वालाचं पीक कसं येतं ते इथं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भात कापून झालं की जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर वाल येतात. विहीर नाही, पाट नाही. उरलेली ओल, पहाटेचं दव आणि थंडी, एवढ्यावर ते पीक उभं राहतं. ओल जास्त असताना पेरलं तर बी कुजतं, सुकल्यावर पेरलं तर रुजत नाही. मधले जे चार-सहा दिवस मिळतात त्याला आम्ही वाफसा म्हणतो. आईची परीक्षा साधी होती. मूठभर माती घ्यायची, दाबायची, छातीच्या उंचीवरून सोडायची. चपटी झाली तर थांबायचं, भुगा झाला तर उशीर झाला, आणि तीन-चार तुकडे झाले तर मडक्याचं लिंपण फोडायचं. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर पाऊस दिसतो. दुपारी तीनला पडणार म्हणून सांगतो. पडतो की नाही ते सोडा, पण पडून गेल्यावर मातीत किती राहिला, ते मोबाइल सांगत नाही.

पण आमच्या गावात पेरायची वेळ माती ठरवत नव्हती, गावकी ठरवत होती. त्याचं कारण गुरं. भात निघालं की गुरं शेतांत मोकळी सुटतात, हा आमच्याकडचा जुना रिवाज. मग कुणा एकानं वाल पेरायचे तर राखायचे कसे? म्हणून तुळशीचं लग्न झालं की गावकी एक दिवस ठरवायची, गावदेवीपुढं नारळ फुटायचा, सगळी अठरा घरं एकाच दिवशी पेरायची, आणि त्या दिवसापासून होळीपर्यंत कुणाचंही जनावर शेतात दिसता कामा नये. गोठ्यात पेंढा खायचा, नाहीतर माळावर चरायचं. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी दावी सुटायची. शहाणा रिवाज होता, मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त त्यात एक खोट होती. आमची अर्धी शेतं नदीच्या वळणावर, गावाच्या सगळ्यांत खाली होती. त्या जागेला वाकण म्हणत. साऱ्या गावाचं पाणी वाकणातून नदीला जायचं, त्यामुळे गावाचा वाफसा आणि वाकणाचा वाफसा यांत नेहमी आठवड्याभराचं अंतर असायचं. चांगल्या वर्षी ते चालून जायचं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे ते चांगलं नव्हतं. पाऊस दसऱ्याला थांबला नाही, दिवाळीलाही थांबला नाही. भात पाण्यात उभं राहून कापलं. भारे बांधावर टाकले तर रात्री पुन्हा भिजायचे. दाणे कसेबसे घरात आले, पण पेंढा काळा पडला, त्याला कुबट वास सुटला. उडवी रचली तेव्हा बाबा हातानं पेंढा वर-खाली करून बघत होते. तो पेंढा पुढं किती महागात पडणार आहे हे तेव्हा कुणालाच कळलं नव्हतं.

गावकीनं दिवस ठरवला. वरच्या शेतांत बाबांनी नांगर धरला, आई मागून तासात दाणे सोडत गेली. दुपारी ते मडकं घेऊन वाकणाकडे निघाले. मी रोज गाईला घेऊन तिथूनच जात होते, टाचा कुठं रुतत होत्या ते मला माहीत होतं. मी माती उचलली, दाबली, त्यांच्यासमोर सोडली. शेणाच्या गोवरीसारखी चपटी झाली.

"बाबा, नका पेरू. कुजंल सगळं."

"गाव पेरतंय ना? मग आपन बी पेरायचं."

"गाव वरती हाय. आपन खाली हाव."

"तू मला शेती शिकवतं गं?"

त्यांनी एक खाचर पेरलंच. चिखलात बैल घसरत होते. मडक्यातलं अर्धं बी त्या एका खाचरात गेलं. ते दुसऱ्याकडे वळले तेव्हा मी मडकं उचललं आणि पोटाशी धरलं. शेजारच्या शेतात हिराजीनाना होते, त्यांचे दोघे पुतणे होते, सगळे काम थांबवून बघायला लागले. नाना म्हणजे गावकीत ज्यांचा शब्द चालायचा ते. त्यांच्यासमोर पोरीनं आडवं जावं याचा बाबांना संताप आला. "मग तूच पेर जा!" ते ओरडले. "दिली ही शेतं तुला यंदा. पेर नायतर त्यात बेडक्या पाळ!"

मला त्या वेळी सतरावं चालू होतं. माझ्या आयुष्यातला पहिला सौदा मी तिथं केला. मी नानांकडे वळून म्हटलं, "नाना, आयकलंत ना? यंदा वाकण माजं. बाबा सगळ्यांसमोर बोललेत."

नाना हसले. "आयकलं गं यमे. बेडक्या झाल्या की आमाला बी सांग."

आठ दिवसांनी मी त्या पेरलेल्या खाचरात बोट घालून एक दाणा वर काढला. फुगून दुप्पट झाला होता, साल सुटली होती, आणि आंबलेल्या पेजेसारखा वास येत होता. मी तो दाणा घरी आणून बाबांच्या ताटाशेजारी ठेवला. असं करायला नको होतं, हे मला आता कळतं. तेव्हा फार बरं वाटलं होतं. बाबांनी दाण्याकडे बघितलं, भाकरी संपवली, हात धुतला आणि बाहेर गेले. आईनं मला पाठीत एक धपाटा घातला आणि मग मडक्यात हात घालून उरलेलं बी चाचपलं. तिच्या माहेरी तोवर कुणी वाल पेरणारं राहिलं नव्हतं. भाऊ मुंबईला गेले होते. वरच्या शेतांत पेरलेलं सोडलं तर त्या बियाण्याचं पेरण्याजोगं एवढंच काय ते जगात उरलं होतं. "हे गेलं तर गेलं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

वाकणाला वाफसा यायला अजून दहा-बारा दिवस लागणार होते. म्हणजे पीक होळीला हिरवंच असणार, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी गुरं सुटणार. पेरून उपयोग काय? म्हणून पेरण्याआधी दिवस मागून घ्यायला हवे होते. एका रविवारी दुपारी गावकी देवळाच्या ओट्यावर बसली होती, तिथं मी गेले. बायका तिथं बोलत नसत. बोलायला बंदी होती असं नाही, कुणी बोललंच नव्हतं.

"नाना, माजं एक मागनं हाय. यंदा गुरं पाडव्यापर्यंत बांधून ठेवा."

ओट्यावर हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "पाडव्यापर्यंत? गुरं काय तुज्या सासऱ्याची हायेत?" दादा खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "वकीलीन बाई आल्या, वाट द्या." बाबा खाली मान घालून बसले होते.

मी घाबरले नव्हते. सौद्यात समोरचा हसतो तेव्हा त्यानं पहिला आकडा ऐकलेला असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण पोटातून कळलं होतं. मी म्हटलं, "तुमच्या सगळ्यांच्या शेतांतलं पानी कुठून जातं? माज्या वाकणातून. मी तुमचं पानी दहा दिवस जास्त सांभाळते म्हनून तुमची शेतं वेळेवर सुकतात. मी बांध घालून पानी अडवलं तर तुमच्या वालांचं काय होईल?"

हशा थांबला. नानांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे नीट बघितलं. "धमकी देतं काय गं?"

"नाय नाना. हिशोब सांगते. तुमचं पानी मी राखते, माजे वाल तुमी राखा."

पाडवा मागितला होता, रंगपंचमी मिळाली. होळीनंतर पाच दिवस. मला मनातून तेवढ्याचीच आशा होती, म्हणून तर पाडवा मागितला. नानांनी नारळ फोडून शब्द दिला. आणि पोरगी गावकीत बोलली म्हणून बाबांकडून दुसरा नारळ दंड घेतला. तो दंड बाबांनी मुकाट्यानं दिला, आणि घरी जाताना वाटेत एकदाच म्हणाले, "पान्याचं तुला कुनी सांगितलं?" मी म्हटलं, "कुनी नाय."

बी थोडं होतं, म्हणून नांगर न घालता आई आणि मी वाल टोबले. काठीनं भोक पाडायचं, एक दाणा टाकायचा, टाचेनं माती लोटायची. त्या दिवसांत माती हातातून सुटली की तिचे चार तुकडे व्हायचे, अगदी आई सांगायची तशी. चार दिवस वाकून वाकून आमच्या कमरा गेल्या. दादा एकदा पाण्याचा तांब्या घेऊन आला, एवढी त्याची मदत मी नोंदवते. कुणाचं बुडवायचं नाही हा माझा धंद्यातला नियम आहे.

संक्रांतीपर्यंत गावाचे वाल गुडघ्याएवढे होऊन फुलावर आले होते, आमचे जमिनीलगत जेमतेम वीतभर वेल. लोक येता-जाता टोमणे मारत. "यमे, तुजे वाल का मेथी?" मी म्हणायचे, "मेथीच हाय, भाजी न्या." आणि मग आभाळ आलं. थंडीच्या ऐन दिवसांत थंडी गेली. तीन दिवस बारीक पाऊस झिरपत राहिला, त्यानंतर आठवडाभर ढग हलले नाहीत. दव पडेना, ऊन पडेना. फुलं गळून मातीत पडली आणि राहिलेल्या शेंड्यांवर काळा मावा चढला. हात लावला तर बोटं चिकट व्हायची. बायका सुपानं राख उडवत होत्या, पण शेतं मोठी आणि राख घरची, पुरणार किती? आमच्या वेलांना फूलच नव्हतं, गळणार काय? चार शेंड्यांवर मावा दिसला तिथं आईनं मला पहाटे उठवून राख टाकायला लावली, पानं ओलसर असताना, म्हणजे ती चिकटून राहते. महिन्याअखेर ढग फाटले आणि अशी थंडी पडली की पडवीतला बैल कुडकुडायचा. आमचे वाल त्या थंडीत फुलले. आईनं निवडून ठेवलेलं बी किती खणखणीत होतं हे मला तेव्हा कळलं. त्या वर्षी पोरांनी बांधावर पोपटी लावली, म्हणजे मडक्यात शेंगा भरून जाळात भाजल्या, तर मडक्यात शेंगा कमी आणि बटाटे जास्त.

माझं नशीब म्हणून लोक सांगतात. नशीब कसलं? ढग येणार हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण मी मातीकडे बघून पेरलं आणि त्यांनी दिवसाकडे बघून. मातीकडे बघणाऱ्याला वर्षाला एखादी चूक माफ असते.

होळी चार दिवसांवर आली तेव्हा वाकणात शेंगा भरल्या होत्या, पण हिरव्या होत्या. आणि गावात पेंढा संपला होता. काळा पडलेला पेंढा गुरं हुंगून सोडून द्यायची. चांगला होता तो पौषातच संपला. माळावर गवताची काडी नव्हती. गाईंच्या माकडहाडांवर कातडं टांगल्यासारखं दिसत होतं. नानांची एक गाय बसली ती उठेना, दोरानं उचलून उभी करायची वेळ आली. वाल तर कुणाचे उरलेच नव्हते, मग गुरं बांधायची कशासाठी? गावकीनं ठरवलं, होळीच्या दुसऱ्या दिवशी दावी सोडायची. रंगपंचमी वगैरे काही नाही.

मला कळल्याबरोबर मी नानांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तोंड सोडलं. नारळ फोडून दिलेला शब्द, देवी बघते आहे, तुमच्या मिशा कशाला आहेत. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नाना शांतपणे म्हणाले, "यमे, माजी गाय मरतंय. तुज्या वालाचं मी काय करू?" ते खरं होतं. रागानं दार उघडतं, पण सौदा होत नाही. हे त्या दिवशी मी शिकले. नंतर शंभरदा विसरले आणि शंभरदा नुकसान केलं.

घरी येऊन मी आईसमोर वाल सोलायला बसले. गेल्या वर्षीचे, सणासाठी राखलेले शेवटचे. नुसती टकटक. तेवढ्यात शेजारची काकू पदरात हात लपवून आली आणि आईला हळूच म्हणाली, "वैनी, मूठभर दाने देशील? भिजवलेलं नको, कोरडं दे. आमच्यात पेराया बी राह्यलं नाय गं. कुनाच्यातच नाय." आईनं डब्याच्या तळाचे मूठभर कोरडे दिले. काकू गेली. मी हातातला दाणा पितळीत टाकायचा विसरले.

होळीच्या दिवशी सकाळी मी नानांच्या गोठ्यात गेले. या वेळी ओट्यावर नाही, गोठ्यात. ते गाईला पेज पाजत होते. मी भांडं धरलं. पेज संपेपर्यंत बोलले नाही.

"नाना, पुढल्या वर्षी काय पेरनार?"

"बघू."

"बघू म्हंजे बाजारातून घेनार. पांढरा वाल. तो आपल्या मातीत कदी आलाय?"

नानांनी गाईच्या तोंडाची पेज पुसली.

"वाकणात जे हाय ते गावाचं बी हाय. उद्या गुरं सुटली तर दुपारपर्यंत ती ते खातील, आनि परवा पुन्ना उपाशी. वरची शेतं आजपासून मोकळी करा, माजं काय जातंय? फक्त वाकण पाडव्यापर्यंत राखा. रोज दोन घरांनी पाळीनं मानूस बसवायचा. पाडव्याला दर घराला शेरभर बी देते. आनि वालाचं भूस सगळ्या गुरांना. तुमच्या गाईला पयलं."

नाना गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "शेरभर नाय, दीड शेर."

"शेर. शिगेनं भरून."

"बरं," ते म्हणाले. "पन यमे, पोरीच्या शब्दावर गाव थांबायचा नाय. रघूला पाठव. तो होळीपुढं सांगंल. तुज्या बाचं शेत, तुज्या भावाचा शब्द. मंग कोन नाय म्हननार नाय."

मी हो म्हटलं. मला वाल हवे होते, नाव नको होतं. नाव ही केवढी मोठी चीज आहे हे सतराव्या वर्षी कुणाला कळतं? दादाला मी चार वाक्यं पाठ करून दिली. संध्याकाळी होळीला गवऱ्या रचल्यावर तो पुढं झाला आणि अशा काही आवाजात बोलला, की मलाही क्षणभर वाटलं हे त्यालाच सुचलं असावं. देखण्या माणसाचं बोलणं लोक कानांनी कमी ऐकतात. बाया म्हणाल्या, "रघूनं गावाचं बी वाचवलं बाय." होळीच्या उजेडात बाबांचा चेहरा फुलला होता. त्यांना खरं ठाऊक होतं, तरी फुलला होता.

रोज दोन माणसं वाकणात राखणीला बसली. शेंगा पिवळ्या झाल्या, मग वाळून वाऱ्यावर खुळखुळायला लागल्या. ऊन चढल्यावर वेल उपटले तर शेंगा फुटून दाणे शेतात उडतात, म्हणून आई आणि मी दव असताना उपटायचो, हात गारठून जायचे. खळ्यावर ऊन लागलं की शेंगा आपोआप तडतडायच्या, आणि आई ऐकत उभी राहायची. पाडव्याला सकाळी गुढी उभी करून अठरा घरं आमच्या खळ्यावर आली. शेराचं माप घेऊन दादा बसला. प्रत्येक जण पदर, टोपी, फडकं पुढं करायचा, आणि दादा वर बघून हसून म्हणायचा, "घ्या, रुजवा." मी आत भाकऱ्या थापत होते, त्याच्यासाठीच. नानांचा आवाज आत आला, "हा वाल आता रघ्याचा वाल बरं का!" माझ्या हातातली भाकरी करपली. ती मी त्याच्याच ताटात वाढली.

तेवढं सोडलं तर पुढं माझं सगळं नीट झालं. कर्जतला टोपलीतून डाळिंब्या विकायला सुरुवात केली, टोपलीची हातगाडी, हातगाडीचा टेंपो, टेंपोचं दुकान. सगळं मी केलं, कुणाच्या बापाचं त्यात काही नाही. वाकण दादाच्या नावावर गेलं आणि दादानं ते विकलं. आज तिथं भिंतीआड कुणाचा तरी तरणतलाव आहे, आणि साऱ्या गावाचं पाणी अडून वरची शेतं डिसेंबरपर्यंत ओली राहतात. बांध घालीन म्हणून मी म्हटलं होतं, तो शेवटी घातला गेलाच. हक्कसोडीच्या कागदावर सही करताना मी एकच मागितलं होतं. चुलीमागचं मडकं. दादा हसला होता, "ने की गं." त्याच मडक्यातलं बी मी पाच गावांतल्या शेतकऱ्यांकडून पेरून घेते, आणि गोण्यांवर काहीच नाव घालत नाही. गिऱ्हाईक 'रघ्याचा' म्हणालं की मी म्हणते, "कडवा म्हणा."

गेल्या साली पुन्हा तसंच झालं. पाऊस दिवाळी ओलांडून गेला, जिथं तिथं बी कुजलं. एक दिवस दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि काठी टेकत दादा उतरला. आता तो देखणा नाही. नातवाला वाल पेरायचे आहेत म्हणाला, वरचं एक खाचर राहिलं आहे. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तो मोठ्यानं म्हणाला, "यमे, रघ्याच्या वालाचं बी हाय ना गं?"

"त्या नावाचं बी माझ्याकडं नाही."

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं या सौद्याची वाट बघत होते. बी त्याला हवं होतं, त्या साली फक्त माझ्याकडे होतं, आणि किंमत मी मनात केव्हाच ठरवली होती. चार माणसांसमोर एकच शब्द.

"मग कुनाच्या नावाचं हाय?" त्यानं विचारलं.

"तूच सांग."

तो काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. गोदामात बाया वाल सोलत होत्या, तिथून टकटक येत होती. तो तिकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आयेचं."

यावर मी काय बोलणार होते? नाही, माझं, असं म्हणणार होते? भल्या भल्या व्यापाऱ्यांना मी या गल्ल्यावरून रिकाम्या हातानं परत पाठवलं आहे. दादानं एका शब्दात मला गप्प केलं, आणि तो शब्द खरा होता.

मी मडकं काढलं. माप घेऊन शिगेनं भरलं, वर आणखी मूठ टाकली. पैसे घेतले. का घेऊ नयेत? धंदा आहे. राखेसकट दाणे त्यानं धोतराच्या सोग्यात बांधले.

"पेरू कदी?" त्यानं विचारलं.

"मी येऊन माती बघेपर्यंत नाही," मी म्हटलं. "आणि नातवाला सांग, होळीपुढं तू बोललास. पण काय बोलायचं ते कुणी सांगितलं, तेही सांग."

"सांगतो," तो म्हणाला, आणि रिक्षात बसला.

सांगितलं की नाही, ते मला ठाऊक नाही. म्हणून मी लिहिलं. वाल मात्र उगवले. सहाव्या दिवशी मी स्वतः जाऊन बघून आले.